कागदाचा पाक

परवा माळ्यावरची जुनी पेटी उघडली, तेव्हा दोन कागद एकदमच हाती आले. एक, आमच्या पणजोबांच्या हातचे हातकागदावरील टिपण. दुसरे, त्यानंतर कितीतरी वर्षांनी कापून ठेवलेले वर्तमानपत्राचे कात्रण. टिपणाची घडी सुखरूप उलगडली. कात्रण मात्र पापडासारखे मोडले. वयाने धाकटे असून ते आधी का मोडावे?

कागद म्हणजे वनस्पतींचे तंतू, आणि तंतूंचा गाभा म्हणजे सेल्युलोज, ग्लुकोजच्या दुव्यांची लांबच लांब साखळी. कापसाच्या एका साखळीत सुमारे 10,000 दुवे असतात. लाकूड शिजवून शुभ्र केलेल्या लगद्यात ते हजाराच्या आसपास उरतात. साखळी याहून फार तुटली की कागद दुबळा होतो. पण डोळ्यांना न दिसणारी ही साखळी गिरणीतील रसायनज्ञ मोजतो कशी?

उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. पाक एकतारी झाला की दोनतारी, हे गृहिणी चिमटीत धरून ओळखते. रसायनज्ञ लगद्याचा नमुना तांब्याच्या एका क्षारयुक्त द्रावणात विरघळवतो आणि बारीक केशनळीतून तो उतरण्यास किती सेकंद लागतात ते पाहतो. साखळ्या लांब असतील तर द्रव रेंगाळतो. तुटक्या असतील तर भरभर धावतो. द्रवाच्या या दाटपणास शास्त्रात श्यानता म्हणतात. गरम पाक पातळ भासतो, म्हणून तापमान नेमके 25 अंश सेल्सिअस राखावे लागते.

मोजमाप झाले की आवर घालता येतो. लाकडातील लिग्निन काढण्यासाठी ते क्षारांत सुमारे 170 अंशांपर्यंत तापवून शिजवतात. या टप्प्यात उष्णता दहा अंशांनी वाढली, तर क्रियेचा वेग दुपटीहून अधिक होतो. म्हणून 1957 साली व्रूम यांनी वेळ व तापमान एकाच अंकात गुंफून दिले. पुढे शुभ्रतेसाठी हायपोक्लोराइट वापरले तर लिग्निनसोबत सेल्युलोजही कुरतडले जाते; क्लोरीन डायऑक्साइड त्यास बरेचसे वाचवते. श्यानता फार उतरली, की शिजवणे अगर विरंजन अती झाले असे समजावे. शुभ्रतेचा हव्यास बळाच्या मुळावर येतो तो असा.

आमच्या कात्रणाचे दैव निराळे. वर्तमानपत्राचा कागद बहुधा नुसत्या दळलेल्या लाकडाचा. त्यात लिग्निन तसेच राहते आणि ते कागदास पिवळा करते. त्यातच कागदातील आम्लता वर्षानुवर्षे साखळ्या तोडीत राहते. चिंध्यांच्या हातकागदातील साखळ्या मुळातच लांब, म्हणून पणजोबा टिकले.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांत वाडवडिलांचे मराठी पुष्कळदा अशा पेट्यांतच उरलेले असते. वाचकहो, ती पेटी ओल आणि उन्हापासून दूर ठेवा, कात्रणे पत्रांपासून वेगळी करा, आणि जपून ठेवायचे ते नव्याने लिहिताना आम्लरहित कागद मागून घ्या. कागद नुसता पांढरा आहे एवढ्यावर भुलू नका.