भाजीवालीला आराखड्यात जागा द्या

विकास आराखड्याचे काम विद्यमान भूवापर नकाशापासून सुरू होते. शाळा, दवाखाना, पेट्रोल पंप, स्मशानभूमी, सगळ्यांची त्यात नोंद होते. बांधलेली मंडई असेल तर तीही दिसते. पण वस्तीच्या तोंडाशी रोज संध्याकाळी गोणपाट अंथरून मेथी, वांगी, टोमॅटो विकणाऱ्या बायका त्या नकाशावर नसतात. कागदावर त्या आल्याच तर अतिक्रमण विभागाच्या. जिथे मंडई नाही, तिथे ताज्या भाजीची सारी भिस्त त्यांच्यावर असते, आणि आपण नगररचनाकार त्यांना मोजतही नाही.

मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात गोवंडी, मानखुर्द, देवनारचा एम पूर्व विभाग सर्वात तळाशी होता. रस्ते आणि रेल्वे प्रकल्पांत उठवलेल्या अनेक कुटुंबांच्या पुनर्वसन वसाहती याच विभागात उभ्या राहिल्या. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत ठरावीक सदनिकांमागे बालवाडी आणि सोसायटीचे कार्यालय द्यावे लागते. भाजीविक्रीसाठी असे कोणतेही बंधन नाही. दुकानांना मुभा आहे, पण गाळ्याचे भाडे भरून नाशवंत माल दहा-दहा रुपयांच्या वाट्याने विकणे कोणाला परवडणार? तिथे वेफर्सची पाकिटे आणि शीतपेये टिकतात, पालकाची जुडी टिकत नाही. फ्रिज नसलेल्या आणि रोजच्या मजुरीवर चालणाऱ्या घराला तर भाजी रोजच आणि थोडीथोडीच घ्यावी लागते.

पाण्यासाठी आपण माणशी रोज १३५ लिटरचा हिशेब धरतो. भाजीचा हिशेबही तसाच मांडता येतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमधील दिवसभराच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे आहेत. या प्रौढाच्या मापाने दहा हजार लोकवस्तीला रोज चार टन भाजी लागते. ती कोणत्या वाटेने येणार, कुठे उतरणार आणि कोण विकणार, हे प्रश्न आराखड्याच्या बैठकीत निघत नाहीत. निघायलाच हवेत.

उलट बंदीच्या रेषा मात्र आपल्याकडे नेमक्या आहेत. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानके आणि महापालिका मंडयांपासून १५० मीटर, तर शाळा, रुग्णालये आणि प्रार्थनास्थळांपासून १०० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. त्याच वर्षी मुंबईतील रेल्वे स्थानकाच्या पुलावर झालेल्या चेंगराचेंगरीच्या भीषण दुर्घटनेनंतर स्थानकाबाहेरचा रस्ता मोकळा हवा, यात दुमत नाही. पण १०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ तीन हेक्टरांहून मोठे होते, १५० मीटरचे सात हेक्टरांहून. दाट वस्तीच्या नकाशावर प्रत्येक शाळा, मंदिर आणि मशिदीभोवती ते काढून पाहा. भाजीची पाटी ठेवायला किती जागा उरते ते तुम्हालाच दिसेल.

पथविक्रेता कायदा २०१४ चा आहे. त्याच्या पहिल्या अनुसूचीप्रमाणे विक्रीची जागा आधीपासून भरणाऱ्या नैसर्गिक बाजारांशी सुसंगत हवी आणि विकास आराखड्यात त्यासाठी लागणारे बदलही पथविक्री आराखड्यातच दाखवायला हवेत. म्हणजे हे काम थेट आपल्या टेबलावरचे आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावे लागतात. मुंबईत त्यासाठी मतदान झाले ते ऑगस्ट २०२४ मध्ये, कायद्यानंतर दहा वर्षांनी. एवढ्या काळात कितीतरी आराखडे मंजूर होऊन गेले.

ब्राझीलमधील बेलो होरिझोंते या शहराने १९९३ मध्ये अन्नपुरवठ्यासाठी महापालिकेचे स्वतंत्र खाते काढले. मोक्याच्या जागी विक्रीचा परवाना हवा असेल, तर त्या विक्रेत्याने शनिवार-रविवारी शहराच्या कडेच्या गरीब वस्त्यांतही ठरलेल्या भावात माल विकावा, अशी अट तिथे घातली गेली. न्यूयॉर्कने २००८ मध्ये फक्त ताजी फळे-भाज्या विकणाऱ्या एक हजार हातगाड्यांचे परवाने मंजूर केले, आणि तेही जिथे भाजी-फळे कमी खाल्ली जातात त्याच भागांसाठी. दोन्हीकडे परवाना हे नियोजनाचे साधन झाले. आपल्याकडे तो अजून गर्दी आवरण्यापुरताच वापरला जातो, आणि ही आपली मोठी उणीव आहे.

दुकान उघडले की ताट आपोआप सुधारते, असे मात्र कोणी मानू नये. अमेरिकेत गरीब वस्त्यांजवळ सुपरमार्केट उघडूनही लोकांची खरेदी फारशी बदलली नाही, असे २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसले. मिळकत, भाव आणि सवय यांचे वजन अंतरापेक्षा जास्त असते. म्हणूनच मोठ्या इमारतीतील मंडईपेक्षा कामावरून परतणाऱ्या बाईच्या वाटेवरचे, पावशेर मोजून देणारे आणि ओळखीवर उधार ठेवणारे ओटे आम्हाला महत्त्वाचे वाटतात. तिथे छप्पर, दिवा, पाण्याचा नळ आणि ओला कचरा उचलण्याची सोय एवढे दिले तरी पुष्कळ काम होईल.

आमची विनंती एकच आहे. पुढच्या भूवापर सर्वेक्षणात संध्याकाळी सहा ते नऊ अशी एक फेरी ठेवा. भाजी कुठे विकली जाते ते नकाशावर टिपा, विक्रेत्यांना विचारून खात्री करा आणि ती ठिकाणे नैसर्गिक बाजार म्हणून समितीपुढे मांडा. असा नकाशा तुमच्या शहरात तयार झाला असेल, तर तो आमच्याकडे पाठवा. तो आम्ही पुढच्या अंकात छापू.