बूट कुणाच्या पायात?

वेडर नावाची एक वस्तू असते. नाव वाचून हसू नका, वेडाशी तिचा काही संबंध नाही. (अगदीच नाही असं मात्र म्हणवत नाही :)) बूट आणि विजार एकत्र जोडलेला, पाणी आत येऊ न देणारा हा पोशाख. मांडीपर्यंतचा, कमरेपर्यंतचा आणि छातीपर्यंतचा अशा तीन उंच्यांत मिळतो. थंड मुलखात नदीत उभं राहून गळाने मासे धरणारे आणि दलदलीत बदकं मारणारे लोक तो घालतात. आता आपल्याकडेही ऑनलाइन मिळतो. त्यामुळे आमच्या घराण्यातल्या पुण्या-मुंबईच्या लेकरांचे प्रश्न सुरू झालेत. दिवाळीत गावाकडे आलं की गोदावरीत उतरून मासे धरायचेत, तर "मावशी, कुठला घेऊ?"

मावशीचं उत्तर जरा लांब आहे. म्हणून इथेच लिहिते, म्हणजे लेकरांना आणि त्यांच्या आईबापांना एकदमच वाचता येईल. आईबापांनी तर जरूर वाचावं, कारण भांडण त्यांच्याशीच आहे.

आधी शिकारीचं निकालात काढू. बदकांच्या शिकारीला कुठला वेडर, याचं उत्तर एका शब्दात: कुठलाच नाही. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलीसुरली परवान्याची वाटही बंद झाली. हिवाळ्यात आपल्या तलावांवर पाखरं येतात, ती दुर्बिणीतून बघा. काठावर साध्या चपलेत उभं राहून छान दिसतात.

आता मासे. माझं सासर नांदेडचं, माहेर लातूरकडचं. दोन्हीकडचं पाणी माहीत आहे (लातूरचं तर नसलेलंही माहीत आहे. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, त्या गावात वेडर विकायचा म्हणजे कमालच!). मुद्दा असा की वेडर हा मुळात थंडीसाठी आहे. जाड निओप्रीनचा वेडर अंगाची ऊब धरून ठेवतो. बर्फाचं पाणी वाहणाऱ्या नदीत ते बरं. पण ज्या जिल्ह्यांत उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो तिथे तो घालून उभं राहणं म्हणजे स्वतःला कुकरमध्ये लावणं. हवा खेळणाऱ्या कापडाचे महागडे वेडर मिळतात, त्यांचाही खरा उपयोग बाहेर गार आणि कोरडं असलं तरच. आपल्याकडे दिवाळीनंतरच्या सकाळी सोडल्या तर जुनी हाफपँट आणि बंदाचे जुने बूट याहून चांगलं काही नाही. बूट मात्र हवेतच, काचा आणि काटे पाण्यातही असतात.

त्याहून मोठी गोष्ट नदीच्या तळाची आहे. विष्णुपुरीला बंधाऱ्याचे दरवाजे उघडले की खालचं पाणी बघता बघता चढतं. आणि गोदावरीच्या पात्रातून वाळू उपसून जे खड्डे पडलेत, ते वरून दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यातून चालणारा माणूस पुढच्या पावलाला डोक्यावर पाणी घेतो. वेडरमध्ये पाणी शिरलं की माणूस दगडासारखा तळाला जातो असं सांगतात, ते तितकंसं खरं नाही. पाण्यात पाण्याचं वजन लागत नाही. खरी अडचण ही की त्या पोशाखात पाय मारता येत नाहीत आणि काठावर चढताना आतलं सगळं पाणी अंगावर उचलावं लागतं. म्हणून छातीच्या वेडरला कमरेवर घट्ट पट्टा बांधतात, पडलं तरी पाणी खाली भराभर उतरू नये म्हणून. तरीही घ्यायचाच असेल तर पट्टा, हातात काठी आणि अंगावर लाइफ जॅकेट. या तिन्हींपैकी एकच परवडत असेल तर लाइफ जॅकेट घ्या, वेडर राहू द्या.

जाळी टाकणाऱ्या भोई बांधवांकडे बघा. कुणी थर्माकोलच्या तराफ्यावर, कुणी ट्रकच्या ट्यूबवर बसून खोल पाण्यात जातो. त्यांना वेडर कुणी फुकट दिला तरी घालू नये. त्यांना लाइफ जॅकेट हवं. धरणातल्या मासेमारीचे ठेके होतात, त्यात पैशांचे सगळे हिशेब लिहिलेले असतात. त्याच कागदावर माणशी एक जॅकेट का लिहू नये?

इथे खरा प्रश्न लागतो. योग्य बूट कुठला, हे पाण्यावर ठरतं. पण तो कुणी घ्यायचा, हे कशावर ठरतं? माझं म्हणणं साधं आहे: जो माणसाला पाण्यात उतरवतो, त्याने बूट घ्यायचा. हौसेने उतरणाऱ्याने स्वतःच्या पैशाने घ्यावा. पोटासाठी उतरणाऱ्याला उतरवणाऱ्याने द्यावा.

हे वाचून मान डोलावणं सोपं आहे. आता शेतात या.

ऊस असो की गहू-हरभरा, पाणी द्यायला जो माणूस रात्री शेतात असतो तो बहुतेक वेळा मालक नसतो, सालगडी असतो. शेतीपंपाची लाइट पाळीने दिवसा आणि रात्री येते. सौर पंप आले, सौर फिडरही होताहेत, पण जिथे अजून रात्रपाळी आहे तिथे रात्री दोनला मोटार चालू करून दारं धरावी लागतात. हातात खोरं, तोंडात किंवा डोक्याला बॅटरी, आणि पाय उघडे. त्याच ओल्या सरीत बेडूक, बेडकामागे साप. घोणस, नाग, मण्यार, फुरसं, सगळे आपल्याच शिवारात राहतात.

भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं मरतात, असा अंदाज २००० ते २०१९ या काळाच्या अभ्यासातून २०२० साली मांडला गेला. बहुतेक मृत्यू खेड्यांतले, निम्मे पावसाळ्याच्या चार महिन्यांतले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत वरचं स्थान दिलं. 'दुर्लक्षित' हा शब्द फार सभ्य आहे. आपल्या नांदेड जिल्ह्यात मुखेडच्या डॉ. दिलीप पुंडे यांनी सर्पदंशाच्या उपचारात आयुष्य घातलं. पण डॉक्टरची पाळी येते दात लागल्यावर. त्याआधीची पाळी बुटाची असते आणि दंश बहुतेक वेळा पायालाच होतो.

बरा गमबूट पाच-सहाशे रुपयांत येतो. उसाच्या एका टनाच्या पैशात चार-पाच माणसांचे पाय झाकतात.

यावर मला घरातल्याच माणसांकडून दोन उत्तरं ऐकायला मिळतात. पहिलं: "त्यांना सवय असते." सवय सापाला नसते, दादा. विष कुणाच्याही रक्तात सारखंच वागतं. दुसरं उत्तर जास्त हुशारीचं आहे: "दिला तरी घालत नाहीत." हे मात्र खरं आहे, आणि ते का खरं आहे हे विचारायची तसदी कुणी घेत नाही. तीन गड्यांमध्ये नऊ नंबरचा एकच जोड आखाड्यावर टांगलेला असतो. एकाला घट्ट, एकाला ढगळ. मोजे नाहीत, म्हणून टाचेला फोड. पुढे लोखंडी टोपी असलेला कारखान्यातला जड बूट, कारण दुकानात तोच होता. आणि आपली काळी माती! दहा पावलांत दोन्ही पायांना पाच-पाच किलो चिकटते. असला बूट मीही घालणार नाही.

तेव्हा निवड कशी करायची, ते ऐका. प्रत्येकाच्या पायाच्या मापाचा स्वतंत्र जोड, मोजा घालून पुढे बोटभर जागा राहील असा. उंची गुडघ्याच्या जरा खाली, म्हणजे बसता-उठता येतं. हलका, लोखंडी टोपी नसलेला. तळव्याच्या खाचा रुंद आणि लांब-लांब असलेल्या, म्हणजे चिखल झटकला की पडतो. आयएसआय खूण बघून घ्या. दोन सुती मोज्यांचे जोड सोबत. वापरून झाला की धुऊन उलटा टांगायचा आणि घालण्याआधी झटकायचा, विंचवाला तो घरासारखाच वाटतो. बुटाबरोबर चांगली बॅटरी आणि काठी हवीच, कारण बूट गुडघ्यापर्यंतच असतो आणि गवत कापताना हात खाली जातो.

आणि बायकांचं काय? खुरपणीला, निंदणीला ओळीने बसलेल्या बायका अनवाणी किंवा स्लिपरवर. गमबूट मागायला गेलं तर दुकानदार सातच्या खालचा नंबर नाही म्हणतो. बाईचा पाय शेतात असतो हेच दुकानाला माहीत नाही. मागणी नाही म्हणे. मागणी कशी होईल? पैसे ज्याच्या खिशात आहेत तो कधी खुरपायला बसला आहे का?

अजून एक. शेतकऱ्याला साप चावून मृत्यू आला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेतून घरच्यांना दोन लाख मिळतात. चांगली गोष्ट आहे. पण ती सातबाऱ्यावर नाव असलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरातल्या एका माणसासाठी. सालगड्याच्या नावावर सातबारा नसतो. रात्री दोनला पाण्यात तो, आणि कागदावर मालक.

आता तिसरं पाणी. हे लिहायला बरं वाटत नाही, पण विषय वेडरचा आहे आणि वेडर हा शब्द आपल्या देशाच्या नियमांत जिथे आला आहे ती जागा मासेमारीची नाहीच. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याखाली जे नियम झाले, त्यांत गटारात उतरणाऱ्या माणसाला काय काय द्यायचं याची लांब यादी आहे. त्या यादीत चक्क मासेमारीचा, बूट जोडलेला वेडर आहे! गळ टाकायला हौसेने घ्यायची वस्तू, आपल्याकडे मैल्यात उतरणाऱ्या माणसासाठी नोंदवली गेली.

आणि तीही त्याला मिळत नाही. मिळतो दोर आणि बादली.

पण नीट ऐका, कारण इथे बूट देऊनही सुटका नाही. सेप्टिक टँकमध्ये माणूस पाण्याने मरत नाही, वायूने मरतो. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, तळाशी साचून राहतो. थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. मग काही श्वासांचा खेळ. छातीपर्यंतचा उत्तमातला उत्तम वेडर घाला, नाक उघडंच आहे. लातूरच्या एमआयडीसीत जानेवारी २०१७ मध्ये एका तेल कारखान्याची टाकी साफ करताना नऊ कामगार गेले. मे २०२३ मध्ये आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यात, सेप्टिक टँकमध्ये पाच जण गेले. अशा ठिकाणी आकडा एकावर थांबत नाही, कारण पहिला कोसळला की त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. बहुतेक वेळा ते भाऊ-मेहुणे असतात.

म्हणून या पाण्यासाठी योग्य वेडर कुठला? जो कुणाला घालावा लागत नाही तो. नगरपालिकेची किंवा खाजगी व्हॅक्यूमची गाडी बोलवा. गाडी गल्लीत येत नसेल तर लांब पाइप मागा. "गाडीवाला जास्त पैसे घेतो, तो माणूस हजारात करतो" असं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवणं हा गुन्हा आहे. तो फक्त नगरपालिकेला लागत नाही, घरमालकालाही लागतो. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूला १० लाखांची भरपाई ठरवली होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. आणि 'तो माणूस' कायम ठरावीक वस्तीतूनच का येतो, हे आपल्या घरात कुणी मोठ्याने विचारत नाही. उत्तर सगळ्यांना माहीत असतं म्हणून.

वेडर, गमबूट, जॅकेट ही दुकानातली गोष्ट वाटते, पण प्रत्येक वेळी त्यात आधी एक प्रश्न सोडवलेला असतो: कुणाचा पाय किमती आणि कुणाचा नाही. हौसेने वर्षातून दोन सकाळी पाण्यात उतरणाऱ्या पायासाठी आपण आठ हजारांची वस्तू चार दिवस तुलना करून घेतो. रोज उतरणाऱ्या पायासाठी सहाशेचा जोड घेताना "वापरेल का?" असं विचारतो.

पूर्वी पाडव्याला साल ठरवताना धान्य आणि पैशांबरोबर वहाणांचा जोड आणि घोंगडंही ठरायचं. आता साल नुसतं रोखीचं झालं आणि वहाणा गळून पडल्या. ज्यांच्याकडे शेत आहे त्या सगळ्या भावांना, मामांना, दिरांना माझी उघड मागणी आहे: येत्या पाडव्याला बोलणी कराल तेव्हा मापाचा बूट, दोन मोजे आणि बॅटरी त्यात घाला. गड्याला दुकानात सोबत न्या, पाय त्याचा आहे. खुरपणीच्या बायकांसाठी पाच नंबर मागा, नसेल तर मागवायला लावा. आणि टाकी भरली की गाडी.

लेकरांनो, तुम्ही वेडर घ्या किंवा नका घेऊ. पण दुकानात जालच तर गमबुटाचे दोन जोड जास्तीचे आणा. माप मी कळवते.