उचल
नॉर्वेचा अँड्र्यू फ्युरुसेथ १८८० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचला, तेव्हा खलाशाची उचल खलाशाच्या हाती क्वचितच पडे. खाणावळवाला दलाल जेवण, दारू, बूट, सगळं भरमसाट भावानं लावून ती परस्पर गिळायचा. बरं, कंटाळून मध्येच जहाज सोडावं, तर थेट तुरुंग! खलाशांच्या संघटनेचा सचिव झाल्यावर हा गडी वॉशिंग्टनला वर्षानुवर्षं खेटे घालत राहिला आणि १९१५ च्या खलाशी कायद्यानं ती बेडी तुटली. माणूस मोठाच; पण आशियाई खलाशी त्याच्या डोळ्यांत सलत. म्हणजे बोटीवर जाणारे आपले कोकणी खलाशीही त्यात आलेच की! १९३८ मध्ये तो वारला. राख भर अटलांटिकमध्ये सोडली.