रोजा आणि स्टेरॉइडची गोळी

रमजान जवळ आला की एक प्रश्न हमखास येतो. ‘अम्मीला संधिवातासाठी रोज प्रेडनिसोलोन चालू आहे. महिनाभर गोळी बंद ठेवून रोजे धरले तर चालेल का?’ उत्तर आधीच सांगतो: गोळी आपल्या मनाने बंद करू नका. कारण समजून घ्या.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर अधिवृक्क नावाच्या छोट्या ग्रंथी असतात. त्या कॉर्टिसॉल हे संप्रेरक बनवतात. ताप, अपघात, ऑपरेशन अशा ताणाच्या वेळी ते वाढते आणि रक्तदाब व साखर सावरून धरते. कुलपात किल्ली बसावी तसे ते पेशीतल्या आपल्या ग्राहकात बसते. मग ही जोडी पेशीच्या केंद्रकात जाऊन काही जनुके चालू करते, काही बंद करते. सूज उतरते ती यामुळेच.

प्रेडनिसोलोन आणि डेक्सामेथासोन या त्याच कुलपाच्या, माणसाने बनवलेल्या किल्ल्या. सूज उतरवण्यात पहिली कॉर्टिसॉलच्या सुमारे चौपट जोरदार, दुसरी सुमारे २५ पट. या औषधांचा पाया घालणाऱ्या संशोधनाला १९५० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

पण बाहेरून रोज किल्ली मिळू लागली की मेंदू ग्रंथींना कामाचा हुकूम देणे कमी करतो. तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ गोळी घेतली तर ग्रंथी सुस्तावू शकतात. अशा वेळी गोळी एकदम थांबली तर शरीरात कॉर्टिसॉल कमी पडते. चक्कर, उलट्या, कमालीचा अशक्तपणा येतो, रक्तदाब घसरतो. जिवावरही बेतू शकते. घरच्यांना मात्र वाटते, रोजा लागला असेल. धोका इथेच आहे. अशी लक्षणे दिसली तर मगरिबची वाट पाहू नका. रोजा सोडून ताबडतोब दवाखाना गाठा.

रमजानच्या काही आठवडे आधीच डॉक्टरांना भेटा. दिवसातून एकदाच घ्यायची गोळी अनेकांना सहरीला घेता येते. मात्र वेळ आणि मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. या गोळ्यांनी साखर वाढते, म्हणून मधुमेह असेल तर तेही सांगा.

डॉक्टरांनी रोजा नको म्हटले तर मन खट्टू करू नका. आजाऱ्याला सूरह बकरामध्ये सवलत दिलेली आहे. ती अल्लाहची रहमत समजून स्वीकारा. कजा की फिदिया, हे आपल्या आलिमांना विचारा.