पुण्याला पाठवायचे की ग्वाल्हेरलाच ठेवायचे?

बारावीचा निकाल लागला की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत इंजिनिअरिंगचा विषय निघतो, आणि तो लगेच पुण्यावर येतो. पुण्याचा आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. चाकणचे कारखाने, हिंजवडीच्या आयटी कंपन्या हाकेच्या अंतरावर. इंटर्नशिप मिळवणे त्यामुळे सोपे जाते. भाषेची अडचण नाही, आणि अडीअडचणीला धावून येणारे मामा-मावशी बहुतेकांचे तिथे असतात.

मात्र एक गोष्ट अनेक घरांच्या फार उशिरा ध्यानात येते. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली जात असली तरी अधिवासाचा दाखला मध्य प्रदेशचा असतो. महाराष्ट्रातल्या प्रवेशफेरीत ही मुले परराज्यातली ठरतात, अखिल भारतीय जागांसाठी स्पर्धा करतात, आणि राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती त्यांना लागू होत नाही. पूर्ण फी, कॉट बेसिसचे भाडे, मेस, दिवाळी-उन्हाळ्याचे रेल्वे तिकीट असा चार वर्षांचा हिशेब कागदावर मांडला की मध्यमवर्गीय घरात शैक्षणिक कर्जाशिवाय मार्ग दिसत नाही.

इथे राहणाऱ्याला मात्र मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेचा आधार मिळू शकतो. राज्य मंडळात ७० किंवा सीबीएसईत ८५ टक्के, जेईई मेनमध्ये दीड लाखाच्या आतला क्रमांक आणि उत्पन्नाची अट, एवढे जुळले तर फीचा मोठा भार सरकार उचलते. खासगी कॉलेजातही दीड लाखापर्यंत. जिवाजीराव शिंद्यांच्या पुढाकाराने १९५७ साली सुरू झालेली माधव इन्स्टिट्यूट गावातच आहे. घरचे जेवण, घरचे छप्पर; ही बचत छोटी नाही.

तरीही इथल्या मर्यादा मान्य केल्या पाहिजेत. अटलबिहारी वाजपेयींच्या नावाची माहिती तंत्रज्ञान संस्था शहरात असली तरी तिथे स्थानिकांसाठी राखीव वाटा नाही. मालनपूर आणि बानमोरच्या कारखान्यांत किती जणांना सामावून घेतले जाणार? पदवीनंतर बहुतेकांना गाव सोडावेच लागते.

तिसरी वाट दहावीनंतरच फुटते, आणि तिच्याकडे आपल्या घरांत उगाच कमीपणाने पाहिले जाते. डॉ. भीमराव आंबेडकर पॉलिटेक्निकसारख्या सरकारी संस्थेत तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश: दहावीपासून मोजली तर वर्षे सहाच, अकरावी-बारावी करून पदवी घेणाऱ्याइतकीच. कोचिंग क्लासचा खर्च टळतो, आणि मधेच पैशाची ओढ लागली तर रेल्वेतल्या ज्युनिअर इंजिनिअरच्या परीक्षेला डिप्लोमावर बसता येते. दुसरीकडे, पदवीच्या दुसऱ्या वर्षाचे गणित या मुलांना जड जाते, आणि पंधराव्या-सोळाव्या वर्षी शाखा ठरवून टाकणे सगळ्यांना झेपत नाही.

हे सगळे तोलून पाहता, कर्ज काढावे लागणार असेल तर पदवी ग्वाल्हेरलाच घ्यावी, असे मला वाटते. पुणे चार वर्षांनीही तिथेच असेल. तेव्हा डोक्यावर हप्ते नसलेल्या मुलीला किंवा मुलाला पहिली नोकरी निवडून घेता येईल, मिळेल ती धरावी लागणार नाही. पुण्याच्या सीओईपीत हवी ती शाखा मिळत असेल तर मात्र कर्ज काढूनही जावे. कुठल्याशा खासगी कॉलेजातल्या उरलेल्या जागेसाठी तेवढे कर्ज काढू नये.