कुटुंबाची सहल : तंबू घ्यावा की केबिन?

सुट्यांचे दिवस जवळ आले की आमच्या मालेगावच्या कापड बाजारात हल्ली एक नवीनच चौकशी ऐकू येते. पूर्वी लोक महाबळेश्वर-माथेरानच्या लॉजचे भाव विचारीत. आता मुले मोबाइलवर तलावाकाठच्या तंबूंची छायाचित्रे दाखवतात आणि अब्बांच्या मागे लागतात. पवना धरणाच्या काठी आणि भंडारदऱ्याला अशा तंबूंच्या रांगाच लागलेल्या आहेत. मुलांची हौस वाईट नाही. वर्षभर मागांच्या खडखडाटात राहणाऱ्या माणसाला दोन रात्री मोकळी हवा मिळाली तर त्याचे भलेच होईल. परंतु मुक्काम ज्या रीतीने निवडला जातो, ती आम्हाला पसंत नाही.

आमच्यातील व्यापारी सुताचा एक कोन घेताना दहा वेळा हाताळून पाहतो. तोच माणूस बारा जणांच्या कुटुंबासाठी निव्वळ छायाचित्रावर आगाऊ रक्कम पाठवून मोकळा होतो. छायाचित्रात सूर्यास्त दिसतो, शौचालय दिसत नाही.

आमचे स्पष्ट मत आहे की मुक्काम निवडताना पहिला विचार घरातील बायकांचा आणि वृद्धांचा व्हावा. तरुण पोरे कोठेही झोपतात. आपल्याकडे सहल म्हणजे बहुधा काय असते? स्टोव्ह, पातेली, मसाल्याचे डबे गाडीत भरायचे आणि घरातला स्वयंपाक जंगलात नेऊन करायचा. पुरुष तलाव पाहतात, मुले खेळतात आणि बायका तिथेही कांदेच चिरतात. ज्या ठिकाणी त्यांना दोन दिवस चुलीपासून सुटका मिळत नाही, ते ठिकाण माणशी शंभर रुपयांनी स्वस्त असले तरी आम्ही ते स्वस्त मानत नाही. हलाल मटणाची अडचण लोक पुढे करतात. ती खरी आहे, पण तिच्यावर तोड आहे. गावातल्या घरी पिठले, भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा सांगून ठेवावा. दोन दिवस गोश्त नसले तर कोणी अशक्त होत नाही.

आता तंबूविषयी. हा आमच्या धंद्यातला माल असल्याने त्यावर थोडे अधिकाराने बोलता येईल. तंबू दोन जातींचे. एक सुती कॅनव्हासचा, दुसरा पॉलिएस्टरचा. सुती कॅनव्हास जड असतो, पण त्यातून हवा खेळते. पाणी लागले की त्याचा धागा फुगतो आणि विणीतली छिद्रे बुजतात, म्हणून चांगल्या घट्ट विणीचा कॅनव्हास पाऊस अडवतो. मात्र पावसात आतून त्याला बोट किंवा अंथरूण टेकले की त्या जागेतून पाणी पाझरू लागते. पॉलिएस्टर हलके आणि स्वस्त. त्यावर आतून लेप दिलेला असतो आणि तो किती पाण्याचा दाब सहन करील हे मिलिमीटरमध्ये लिहितात : १५००, २०००, ३०००. आकडा मोठा तितका लेप पाणी जास्त अडवतो. पण उन्हात वर्षानुवर्षे ताणून ठेवलेल्या तंबूचा हा लेप सुटतो, पापुद्रे निघतात. आत हात फिरवला की चिकट लागते. तसे लागले तर समजावे, माल संपला आहे. शिवण पाहावी, तिच्यावर आतून पट्टी चिकटवलेली नसेल तर सुईच्या प्रत्येक छिद्रातून पाणी येईल. वरचे दुसरे आवरण आतल्या कापडापासून सुटे असावे. दोन्ही कापडे चिकटली की पहाटे श्वासाची वाफ थेंब होऊन अंगावर पडते. आणि पॉलिएस्टर ठिणगीने वितळते, म्हणून शेकोटीजवळ लावलेला तंबू कितीही देखणा असो, नको म्हणावे.

थंडीच्या रात्री तंबूत किंवा बंद खोलीत कोळशाची शेगडी नेण्याची खोड अनेकांना आहे. ती जीवघेणी आहे. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो, त्याला ना वास ना रंग. माणूस झोपेतच जातो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे केरळचे आठ पर्यटक हॉटेलच्या बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपले, त्यांत लहान मुलेही होती. सकाळी कोणी उठले नाही. थंडीवर रजई आणखी एक न्यावी, विस्तव नव्हे.

केबिन म्हणजे लाकडी किंवा तयार पत्र्याच्या भिंतींची स्वतंत्र खोली. पत्र्याची केबिन मे महिन्यात दुपारी भट्टी होते. कौलारू किंवा झाडाच्या सावलीतली असेल तर उत्तम. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी केबिनच घ्यावी, कारण तंबूत वाकून शिरणे आणि जमिनीवरून उठणे त्यांना होत नाही. रात्री दोनदा उठावे लागते, तेव्हा शौचालय दाराला लागून असणे ही चैन नाही, गरज आहे. बायकांच्या पडद्याचा आणि निवांतपणाचा प्रश्नही तिथेच सुटतो. आमच्या मते मोठ्या कुटुंबाने एक-दोन केबिन आणि त्यांच्या शेजारी पोरांसाठी एक तंबू असा सौदा करावा. मुलांची हौस भागते आणि अम्मीची झोपही.

शक्य असेल तर एक जण आधी जाऊन जागा पाहून यावे. आम्ही एका तलावाकाठची जागा अशीच पाहिली. मालकाने फोनवर सहा शौचालये सांगितली होती. निघाली दोन, त्यातल्या एकाला कडी नव्हती, आणि तंबू वीस. आम्ही चहा घेतला आणि परत फिरलो.

मालेगाव-धुळ्याकडच्या लोकांना भंडारदरा सोयीचे. मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिकवरून घोटीपर्यंत यावे आणि तेथून वळावे. प्रवरा नदीवरील विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झाले, त्याचा जलाशय, रंधा धबधबा आणि समोर १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर, एवढे एका मुक्कामात होते. राज्य पर्यटन महामंडळाचे निवासस्थान तेथे आहे, पक्क्या खोल्यांचे. पावसाळ्यापूर्वी काजवे पाहण्यास फार गर्दी उसळते. तेव्हा म्हातारी माणसे व तान्ही मुले घेऊन जाऊ नये. पावसाळ्यात घाटमाथ्यावरचा पाऊस तंबूचे काम नव्हे. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ चांगला. धरणाच्या पाण्यात मात्र मुलांना उतरू देऊ नये. काठ गाळाचा असतो आणि खोली एकदम वाढते.

आपल्याकडे माग शुक्रवारी बंद असतात, हा आपला मोठा फायदा आहे. बाकी सारे शनिवार-रविवारी धावतात, तेव्हा भावही चढे आणि रात्री मोठ्या आवाजाची गाणी, दारूच्या बाटल्या. कुटुंबाने त्या गर्दीत का सापडावे? गुरुवारी दुपारी निघून शुक्रवारी रात्री परतणाऱ्याला तीच जागा शांत मिळते आणि घासाघीसही करता येते. जुम्याची नमाज कोठे होईल एवढे मात्र आधी विचारून ठेवावे.

सौदा करताना मालकाची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे काय हे विचारावे. कृषी पर्यटनासाठी राज्याचे धोरण २०२० पासून आहे, साहसी पर्यटनासाठी २०२१ पासून. पक्के बिल मागावे. दिवसाला ७५०० रुपयांपर्यंतच्या हॉटेलच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी पाच टक्के झाला आहे. कोणी जुना बारा टक्के लावत असेल तर तेथेच विचारावे. आगाऊ रक्कम एक चतुर्थांशाहून अधिक देऊ नये आणि रद्द केल्यास किती परत मिळेल ते लेखी घ्यावे.

ज्या बंधूंनी भंडारदरा किंवा पवना परिसरात कुटुंबासह मुक्काम केला असेल, त्यांनी तेथील पाणी, शौचालये आणि भाव यांची माहिती या पानाकडे अवश्य कळवावी. छायाचित्रे नसली तरी चालतील.