‘या मुलांचं असंच असतं’ हे उत्तर नाही



पावसाळा तोंडावर आला की डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या घरात नेब्युलायझर कपाटातून बाहेर निघतो. नाक गळतं, कान वाहतो, खोकला छातीत उतरतो. दवाखान्यात मात्र एकच वाक्य ऐकायला मिळतं, ‘या मुलांचं असंच असतं हो.’ नऊ वर्षांच्या मुलीची आई म्हणून माझा या वाक्याला ठाम विरोध आहे.

या मुलांना वारंवार संसर्ग का होतो, हे वैद्यकशास्त्राला बऱ्यापैकी माहीत आहे. २१व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते आणि विषाणूंशी लढताना लागणाऱ्या इंटरफेरॉनच्या रिसेप्टरची जनुकं त्याच गुणसूत्रावर असतात. संसर्गाशी लढणाऱ्या लिम्फोसाइट पेशी कमी भरतात, काहींचा लशीला प्रतिसादही कमी असतो. भरीला कानाच्या अरुंद नळ्या, सैल स्नायू, गिळताना लागणारा ठसका. आणि जवळजवळ निम्म्या मुलांना जन्मतःच हृदयदोष. यातल्या प्रत्येक गोष्टीची तपासणी करता येते, बऱ्याच गोष्टींवर उपचारही आहेत.

माझ्या मुलीचं बोलणं मागे पडलंय ते डाऊनमुळेच, असं आम्हाला सांगितलं गेलं. मागून हाक मारली तर ती वळत नसे. कान तपासले, तर दोन्ही पडद्यांमागे पाणी साठलेलं. ते काढून पडद्यात ग्रोमेट ही छोटी नळी बसवल्यावर ती कुकरच्या शिट्टीला दचकू लागली. ऐकूच येत नसेल, तर मूल बोलणार कसं?

जे कानांचं, तेच लशींचं. स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी ऑगस्ट २००९ मध्ये घेतला, तो पुण्यातल्या शाळकरी मुलीचा. विषाणूंवर संशोधन करणारी एनआयव्ही पुण्यात, लशी बनवणारी सीरम पुण्यात. तरीही फ्लूची लस आम्हा पालकांना दरवर्षी पदरमोड करून घ्यावी लागते. न्यूमोकोकल लस महाराष्ट्रात २०२१ पासून सरकारी लसीकरणात आली, हे चांगलंच झालं. पण माझ्या मुलीसारखी त्याआधी जन्मलेली मुलं त्यातून सुटली.

सगळंच फुकट कसं द्यायचं, असं कुणी म्हणेल. न्यूमोनिया झालेलं एक मूल आठवडाभर आयसीयूत ठेवण्याचा खर्च आणि लशीची किंमत शेजारी-शेजारी मांडून बघा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत डाऊन सिंड्रोम आहेच, म्हणजे ही मुलं शोधायला नवी यंत्रणा नको. महापालिकेने दरवर्षी मे महिन्यातच आपल्या दवाखान्यांत त्यांना फ्लूची लस मोफत द्यावी, राहिलेला न्यूमोकोकलचा डोस द्यावा आणि त्याच भेटीत कान तपासावेत. येत्या अंदाजपत्रकात त्यासाठी स्वतंत्र तरतूद व्हावी, ही मागणी आहे.

– एक पालक, धायरी, पुणे